मांजराच्या खुब्याचे विकार आणि शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा

मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक आणि कमरेच्या हाडातली खोलगट वाटी मिळून मांजराच्या खुब्याचा सांधा बनतो. मांजराची उडी मुख्यतः याच सांध्याच्या जोरावर असते. सांधा झिजला, निखळला किंवा गोलाखालची मान मोडली की मांजर लंगडते. पण कितीतरी मांजरे लंगडत नाहीत, नुसत्या उड्या मारायच्या सोडून देतात, आणि घरच्यांना वाटते की आता ते पोक्त झाले. औषधाने भागले नाही तर शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतरचे बरे होणे बहुतांशी घरात, माणसांच्या हातून होते. म्हणून या विषयात शुश्रूषेला शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व द्यायला हवे.

कारणे वयाप्रमाणे बदलतात. तरुण मांजरात, विशेषतः निर्बीजीकरण झालेल्या वजनदार बोक्यात, मांडीच्या हाडाचा गोल त्याच्या मानेवरून घसरतो. गोल आणि मान यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते. ती साधारणपणे 7 ते 10 महिन्यांच्या वयात हाड बनून सांधली जाते. लिंगग्रंथी काढल्यावर हे सांधणे लांबते. वजन वाढत राहते, कूर्चा मात्र कच्चीच असते, आणि मग पडणे-झडणे काहीही न होता ती तुटते. सहसा दोन वर्षांच्या आतले हे रुग्ण असतात. उशीर झाला की एक्स-रेमध्ये मान कुरतडल्यासारखी बारीक झालेली दिसते. काहींमध्ये पुढे दुसऱ्या पायातही हेच घडते. यावरून निर्बीजीकरणच टाळावे असा निष्कर्ष काढणे चूक आहे. त्यानंतर खाणे मोजून देणे आणि वजन आटोक्यात ठेवणे, हा खरा उपाय.

दुसरे कारण जन्मजात उथळ वाटी. कुत्र्यांत हा दोष सर्वांना माहीत आहे, मांजरांत तो दुर्लक्षित राहतो. मेन कून जातीत तो विशेष आढळतो: नोंदणीसाठी तपासलेल्या मेन कून मांजरांच्या एका मोठ्या पाहणीत जवळपास चौथ्या हिश्शात खुबा सदोष निघाला. वाटी उथळ असली की सांधा ढिला राहतो, कडेला हाड वाढते आणि संधिवात लवकर सुरू होतो. तिसरे कारण अपघात. वाहनाचा धक्का किंवा उंचावरून पडणे यांत गोल वाटीतून निसटतो, बहुतेक वेळा वर आणि पुढच्या बाजूला, त्यामुळे तो पाय आखूड दिसतो. वयस्क मांजरांत तर नुसती झीजच पुरते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 वर्षांवरील 100 मांजरांचे जुने एक्स-रे पाहिले, तेव्हा 90 टक्क्यांमध्ये कुठल्या ना कुठल्या सांध्याची झीज आढळली.

दुखणे ओळखण्यासाठी मांजराच्या सवयींकडे बघावे लागते. एका दमात ओट्यावर जाणारे मांजर आधी खुर्चीवर आणि मग ओट्यावर जाऊ लागते. उडीआधी ते मागचा भाग हलवत अंदाज घेते आणि विचार बदलून खाली बसते. पाठीच्या मागच्या टोकावर केसांच्या जटा होतात, कारण तिथे वळून चाटणे जमत नाही. मातीच्या ट्रेचा काठ उंच असेल तर ते बाहेरच शू करते आणि खोडकर ठरते. कमरेवर हात ठेवताच चावायला धावते. एका मांडीचे स्नायू दुसरीपेक्षा बारीक लागत असतील तर तो पाय कितीतरी दिवस कमी वापरला गेला आहे असे समजावे.

इथे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मांजर अचानक मागचे पाय ओढू लागले, जोरजोरात ओरडू लागले आणि पंजे हाताला गार लागले, तर तो बहुधा खुब्याचा विकार नसतो. हृदयातली रक्ताची गुठळी पायांच्या धमनीत अडकल्याची ती लक्षणे असू शकतात. अशा वेळी एक तासही थांबू नये.

निदान एक्स-रेवर होते, आणि त्यासाठी बहुतेकदा गुंगीचे औषध द्यावे लागते. दुखरा पाय मागे ताणून धरणे जागे मांजर सहन करत नाही. कूर्चा घसरल्याचा संशय असेल तर पाय बेडकासारखे दुमडूनही एक एक्स-रे काढतात, कारण ताणलेल्या स्थितीत गोल जागेवर बसून दोष लपू शकतो.

सौम्य झिजेत वजन कमी करणे, घराची मांडणी बदलणे आणि औषधे एवढ्यावर निभते. मेलॉक्सिकॅमचा तोंडी, कमी मात्रेतला दीर्घ उपयोग युरोपात मान्य आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र 2010 मध्ये, ते मांजरांना वारंवार दिल्यास मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो, असा ठळक इशारा वेष्टनावर छापायला लावला. म्हणून मूत्रपिंडाची तपासणी केल्याशिवाय हे औषध सुरू करू नये. महिन्यातून एकदा टोचायचे फ्रुनेवेटमॅब हे प्रतिपिंड युरोपात 2021 मध्ये आणि अमेरिकेत जानेवारी 2022 मध्ये मंजूर झाले. माणसांचे पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये. ते निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या मातकट पडतात, आणि अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते.

ताज्या कूर्चाभंगात बारीक तारा घालून गोल जागेवर बसवता येतो. निखळलेला सांधा भूल देऊन बसवतात, पण तो पुन्हा निसटण्याचे प्रमाण मोठे आहे. लहान मापाचा कृत्रिम सांधाही आता मांजरात बसवला जातो. तरीही सर्वांत जास्त केली जाते ती हाडाचा गोल आणि मान कापून काढण्याची शस्त्रक्रिया. ही कल्पना मुळात माणसांची: ऑक्सफर्डचे शल्यविशारद गर्डलस्टोन यांनी 20व्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयाने आणि पुवाने नासलेल्या खुब्यांसाठी ती वापरली. गोल काढल्यावर हाडावर हाड घासत नाही. मधली जागा घट्ट तंतूंनी भरते, आजूबाजूचे स्नायू पाय तोलून धरतात, आणि एक कामचलाऊ सांधा तयार होतो. मांजर हलके असल्याने त्याला हे फार चांगले मानवते. पाय किंचित आखूड होतो आणि पूर्ण मागे ताणला जात नाही, पण दुखणे थांबते.

हा नवा सांधा हालचालीतूनच घडतो. मोडलेल्या हाडावर पट्टी किंवा खिळा बसवला असेल तर मांजराला सहा-आठ आठवडे पिंजऱ्यात ठेवावे लागते. गोल काढलेल्या मांजराला तेवढेच जखडून ठेवले तर मात्र तंतू आखडतात आणि पाय ताठ होतो. मायेपोटी त्याला कुशीत धरून बसवणारे घर नकळत त्याचे नुकसान करते. उड्या आणि जिने पहिले काही आठवडे बंद, जमिनीवरचे चालणे मात्र जितके होईल तितके हवे. त्यासाठी एक छोटी खोली मोकळी करावी, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथराव्यात, ट्रेचा एक काठ अगदी बुटका असावा. जेवणाची वाटी ट्रेपासून दूर ठेवावी, म्हणजे दोन घासांसाठी त्याला चार पावले टाकावी लागतात.

पहिले दोन-तीन दिवस जखमेभोवती कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरतात. सूज उतरल्यावर कोमट शेक देऊन पायाचा व्यायाम सुरू होतो. मांजर कुशीवर झोपलेले असताना एक हात कमरेवर ठेवायचा, दुसऱ्या हाताने गुडघ्यावरून मांडी धरायची आणि पाय सावकाश मागे न्यायचा. कान मागे पडले, मिशा ताठ झाल्या किंवा डोळे बारीक झाले की तिथेच थांबायचे. दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा फेऱ्या पुरतात. व्यायामाआधी वेदनाशामक औषधाची वेळ पाळली असेल तर मांजर हे करू देते, नाहीतर दुसऱ्या दिवशी पलंगाखालून बाहेरच येत नाही. वेदना मोजायला मॉन्ट्रियल विद्यापीठात तयार झालेली, 2019 मध्ये प्रसिद्ध केलेली चेहऱ्यावरची मोजपट्टी उपयोगी पडते. तिच्यात कान, डोळे, नाकाभोवतीचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा पाच गोष्टींना गुण देतात.

खाण्याकडे विशेष लक्ष हवे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून वेगळाच जीवघेणा आजार उभा राहतो, म्हणून एक दिवस काहीच खाल्ले नाही तरी डॉक्टरांना कळवावे. शी झाली की नाही तेही पाहावे. कमरेचे हाड मोडलेल्या मांजरात बद्धकोष्ठता चिवट असते. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर गळ्यातली कॉलर काढायची नाही, कारण खरखरीत जिभेने जखम उसवायला एक रात्र पुरते.

पंजा जमिनीला टेकणे पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू होते. स्नायू भरून येऊन चाल सुधारायला दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. आजार जुना असेल आणि मांडी आधीच वाळलेली असेल तर अधिकच. पंजा उलटा पडून त्याची वरची बाजू घासली जात असेल तर मांडीमागच्या नसेला इजा झाली असण्याची शक्यता असते. सहा आठवड्यांनंतरही पाय अधांतरी असेल तर पुन्हा एक्स-रे काढावा. मानेचा तुकडा मागे राहून तो वाटीवर घासत असेल, तर तो काढायला दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. त्याच एक्स-रेमध्ये दुसरा खुबाही नीट पाहून घ्यावा, कारण इतके दिवस शरीराचा भार त्याच्यावर आलेला असतो.