तेफिलीन की मेझुझा? कुम्रानच्या चिठोऱ्या ओळखायच्या कशा

बोटभर रुंदीचं चामड्याचं चिठोरं. त्यावर भिंगाशिवाय लागू नयेत इतकी बारीक हिब्रू अक्षरं आणि मजकूर तोरामधल्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या, ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकातला. हे कपाळाला बांधायच्या डबीतलं, म्हणजे तेफिलीनमधलं, की दाराच्या चौकटीला लावायचं, म्हणजे मेझुझा? मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या गुहांत असे तुकडे सापडले तेव्हा अभ्यासक याच प्रश्नाशी अडले. मजकूर वाचून हा प्रश्न सुटत नाही. कातडं नीट पाहिलं तर बराचसा सुटतो.

गोंधळाचं मूळ लागून आलेल्या दोन ओळींत आहे. अनुवाद 6:8 म्हणते, या आज्ञा हाताला खूण म्हणून बांध आणि डोळ्यांच्या मध्ये लाव. पुढचीच 6:9 म्हणते, त्या दाराच्या बाह्यांवर आणि फाटकांवर लिही. पहिलीतून तेफिलीन आलं, दुसरीतून मेझुझा. ‘मेझुझा’ या शब्दाचा मूळ अर्थच दाराची बाही; चौकटीचं नाव पुढे तिच्यावरच्या लेखाला मिळालं. या ओळींच्या जरा वर, 6:4 ला, ‘शेमा इस्राएल’ (‘ऐक, हे इस्राएला’) ही प्रार्थना आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार बाकीच्या हिब्रू प्रार्थना विस्मरणात गेल्या तरी शेमा टिकून राहिली. तेफिलीन घ्या किंवा मेझुझा, आतला गाभा तीच शेमा आहे.

आजच्या धर्मनियमात दोन्हींची सरमिसळ होण्याचं काही कारण नाही. तेफिलीनमध्ये चार उतारे असतात: निर्गम 13:1–10, निर्गम 13:11–16, अनुवाद 6:4–9 आणि अनुवाद 11:13–21. मेझुझात यांतले शेवटचे दोनच. अक्षरंसुद्धा मोजून ठेवलेली आहेत: तेफिलीनच्या एका डबीत 1594, मेझुझात 713. डोक्याच्या डबीत चार कप्पे आणि चार वेगळ्या पट्ट्या, तर हाताच्या डबीत एकच कप्पा आणि चारही उतारे एका लांब पट्टीवर. डब्या चौकोनी, काळ्या, शुद्ध जनावराच्या स्नायूंच्या दोऱ्याने शिवलेल्या. मेझुझा रूढीने 22 ओळींचा. गुंडाळून, आत शिरताना उजवीकडे येणाऱ्या दाराच्या बाहीवर, उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या खालच्या टोकाला बसवायचा. तेफिलीन पुरुष रोजच्या सकाळच्या प्रार्थनेला बांधतात, शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, नाही. मेझुझा मात्र रात्रंदिवस दारावरच असतो. ऊन, दमट हवा आणि कीड यांनी अक्षर तडकतं, म्हणून घरचा मेझुझा सात वर्षांत दोनदा उघडून तपासायचा असं तालमुद, म्हणजे राब्बींच्या (ज्यू धर्मशास्त्र्यांच्या) चर्चांचा ग्रंथ, सांगतो.

लिहिणाऱ्याला, म्हणजे सोफेरला, दोन्हीकडे एक नियम सारखाच जाचक आहे: अक्षरं क्रमानेच लिहायची. तोराच्या मोठ्या गुंडाळीत सुटलेलं अक्षर मागाहून भरता येतं. इथे ते भरलं तर पुढच्या अक्षरांनंतर लिहिल्यासारखं होतं, आणि सगळी पट्टी बाद होते.

आता कुम्रानकडे. एकट्या चौथ्या गुहेतल्या चिठोऱ्यांना तेफिलीन म्हणून 21 क्रमांक मिळाले (4क्यू128 ते 148; 4 म्हणजे चौथी गुहा, क्यू म्हणजे कुम्रान) आणि मेझुझा म्हणून 7 (149 ते 155). अभ्यासक योझेफ मिलिक यांनी ते 1977 मध्ये प्रसिद्ध केले. आजचे चार उतारे मनात धरून हे वाचायला बसलं की पहिल्याच फेरीत पाय घसरतो. अनेक तेफिलीनमध्ये या चारांच्या आगेमागे बराच जास्तीचा मजकूर आहे: अनुवाद 5 मधल्या दहा आज्ञा, अनुवाद 10:12 पासूनचा भाग, निर्गम 12 चा शेवट. एका चिठोरीवर तर अनुवाद 32 मधलं मोशेचं गीत आहे. मेझुझाचंही तेच. 4क्यू149 वर निर्गम 20 मधल्या दहा आज्ञांचा भाग आहे, आणि आजच्या नियमाने मेझुझात दहा आज्ञांना जागाच नाही. 1955 मध्ये सापडलेल्या आठव्या गुहेत तर एक तेफिलीन आणि एक मेझुझा, दोन्ही निघाले, आणि दोन्हींवर अनुवाद 10 व 11 मधला मजकूर आहे. उताऱ्यांची यादी घेऊन वर्गीकरण करणाऱ्याने इथे हात टेकायचे.

म्हणून कातडं पाहायचं. तेफिलीनचं कातडं अतिशय पातळ, कडा वाकड्यातिकड्या. मोठ्या कामातून उरलेली कातरण वापरावी तसं. समास जवळजवळ नाही. अक्षर मिलिमीटरभर किंवा त्याहूनही बुटकं, ओळ जिथे जागा संपेल तिथे तुटते, आणि पुष्कळदा मजकूर पाठीमागेही चालू राहतो. कारण उघड आहे: एवढा मजकूर नखाएवढ्या कप्प्यात घडी करून बसवायचा होता. मेझुझाला ही अडचण नव्हती. त्याचं कातडं जाड, तुकडा मोठा, समास सोडलेला, अक्षर नेहमीच्या हस्तलिखितासारखं. तालमुदमध्ये एक छोटासा नियम आहे, तो इथे आठवतो: तेफिलीनला रेघा आखायची गरज नाही, मेझुझाला आहे. कुम्रानच्या तेफिलीनवर रेघा नाहीतच. इतक्या बारीक कामात त्या मारणार तरी कुठे?

त्याच नियमाचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो: दोन्ही समोर प्रत न ठेवता, तोंडपाठ लिहिलं तरी चालतं. चुकांचं एक मोठं कारण इथेच आहे. दहा आज्ञा तोरामध्ये दोनदा येतात, आणि दोन्ही पाठांत शब्बाथचं कारण वेगळं आहे. निर्गममध्ये देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून, अनुवादमध्ये तू मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास म्हणून. पाठांतरावर हात चालला की एका पाठातून दुसऱ्यात कधी शिरलो ते कळत नाही. म्हणून अशा चिठोऱ्यांतला वेगळा शब्द दिसला की लगेच ‘तोराचा निराळा, जुना पाठ सापडला’ असं म्हणणं घाईचं आहे. आधी विचारायचं, हे समोर बघून लिहिलं की आठवून?

डबीसकट मिळालेला सगळ्यात बोलका नमुना पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केला. डोक्याची डबी, जेमतेम 2 सेंटीमीटर लांब, चार कप्प्यांची. तीन कप्प्यांत मूळच्या चिठोऱ्या घडी करून बसलेल्या होत्या. चौथ्यातली मूळची नव्हे, बाहेरून आणून घातलेली. वस्तू बाजारातून आली की असं होतं. त्यामुळे या डबीवरून उताऱ्यांचा क्रम सांगताना चौथा कप्पा बाजूला ठेवावाच लागतो. ‘राशी आणि राब्बेनू ताम या मध्ययुगीन धर्मपंडितांच्या मतांतला, बाराव्या शतकात गाजलेला उताऱ्यांच्या क्रमाचा वाद कुम्रानमध्येच होता, तिथे दोन्ही प्रकारची तेफिलीन मिळाली’ हे वाक्य फार ठिकाणी वाचायला मिळतं. ते जपून घ्यावं. बहुतेक चिठोऱ्या डबीबाहेर सुट्या मिळाल्या, आणि ज्यांत चारांहून जास्त उतारे आहेत त्यांना चार उताऱ्यांच्या क्रमाचं माप लावता येत नाही. काळ्या रंगाचंही तसंच. कुम्रान ज्यात येतं त्या ज्यूदियाच्या वाळवंटातल्या प्राचीन तेफिलीनच्या चामड्याची तपासणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मुद्दाम काळा रंग दिल्याचा पुरावा मिळाला नाही.

मग दहा आज्ञा गेल्या कुठे? मिश्ना, म्हणजे तालमुदचा पाया असलेला राब्बींचा नियमसंग्रह, सांगते की जेरुसलेमच्या मंदिरात याजक रोज शेमाच्या आधी दहा आज्ञा म्हणत. इजिप्तमध्ये मिळालेल्या, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या नॅश पपायरसवर नेमकी हीच जोडी आहे: आधी दहा आज्ञा, लगेच शेमा. त्यातल्या आज्ञांतही निर्गम आणि अनुवाद हे दोन्ही पाठ मिसळलेले आहेत. तालमुदच्या म्हणण्याप्रमाणे ही प्रथा पुढे बंद केली, कारण ‘सिनाय पर्वतावर देवाकडून एवढंच दिलं गेलं’ असा दावा काही पाखंडी लोक करू लागले होते. तेफिलीनमधूनही त्या याच कारणाने निघाल्या असं अनेक अभ्यासक मानतात. मिश्नातच आणखी एक वाक्य आहे: तेफिलीनची आज्ञाच नाही म्हणणारा सुटतो, पण चाराऐवजी पाच कप्पे हवेत म्हणणारा दोषी. पहिल्याचं खोटं तोरा उघडून कोणालाही दाखवता येतं. दुसरा मात्र शास्त्रींनी ठरवलेल्या आकड्यात भर घालतो. चार हा आकडा ‘ठरवलेला’ होता हे मिश्नाच सांगते, आणि तो ठरण्याआधीची मोकळीक कुम्रानच्या चिठोऱ्यांत दिसते. रोमनांविरुद्धच्या बार कोखबाच्या बंडाच्या (इ.स. 132–135) काळातल्या, त्याच वाळवंटातल्या वादी मुरब्बात इथल्या तेफिलीनमध्ये मात्र आजचेच चार उतारे आहेत.

तरी सगळं कुम्रान एका वेगळ्या ज्यू पंथाचं आणि मुरब्बात राब्बींचं, अशी सरळ वाटणी होत नाही. कुम्रानमध्येही आजच्या निवडीशी जुळणाऱ्या चिठोऱ्या आहेत.

या जोडीत तिसरी वस्तू ओढून आणली जाते, ती बाहेर ठेवलेली बरी. जेरुसलेमच्या केतेफ हिन्नोममध्ये 1979 साली गाब्रिएल बारकाय यांच्या उत्खननात चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या निघाल्या. त्या इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासच्या, आणि त्यांवर गणना 6:24–26 मधला याजकांचा आशीर्वाद आहे. तोरामधल्या ओळींशी जुळणारा इतका जुना लेख दुसरा नाही. पण त्यांवर शेमा नाही, डबी नाही, चौकटीशी संबंध नाही. त्या अंगावर घालायचे ताईत होते. शोमरोनी लोक, म्हणजे तोरा मानणारा पण ज्यूंहून वेगळा समाज, दहा आज्ञा दगडावर कोरत, तो प्रकार मेझुझाच्या जास्त जवळचा: ‘बाह्यांवर लिही’ ही आज्ञा त्यांनी कातड्याच्या पट्टीऐवजी थेट दगडावर पाळली.