आकडे असले की पुरे? एक खुलासा

‘सर्वेक्षणाचे आकडे असले की पुरे, एथ्नोग्राफी म्हणजे चार घरांत बसून मारलेल्या गप्पा,’ असा मजकूर बरीच वर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, आकडा पक्का दिसतो. पण एथ्नोग्राफी म्हणजे लोकांमध्ये थांबून, त्यांचं रोजचं वागणं पाहून केलेला अभ्यास.

जनगणनेचंच घ्या. ७ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकली की २०११च्या मोजणीत ती साक्षर. ‘इतर भाषा’ या रकान्याला तर बोलता-समजता आलं तरी चालतं. म्हणजे मराठी शाळेत शिकलेल्या, बाजारात सफाईनं कन्नड बोलणाऱ्या, कर्नाटकातल्या खानापूरच्या आजी दोन्ही रकान्यांत बसतात. पण दवाखान्यातला कन्नड फलक त्यांना वाचता येतो का, हे त्या तक्त्यात नाही. ते कळतं खिडकीपाशी थांबून: फॉर्म कोण भरून देतं, कोण न विचारताच परत जातं. (हे परत जाणारे कुठल्याच तक्रारवहीत सापडत नाहीत.)

अर्थात असे लोक किती, ते मोजणीच सांगेल. मात्र मोजणीत विचारायचं काय, हे खिडकीपाशी कळतं.

पडताळायचंय? जनगणनेतली साक्षरतेची व्याख्या आधी वाचा. मग बाजाराच्या दिवशी रेशन दुकानात, विचारून, तासभर बसा.