पडद्यावर ॲनी, आवाज जोनचा

लंडनजवळच्या एल्स्ट्रीच्या स्टुडिओत १९२९च्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक प्रसंग चित्रित होतोय. कॅमेऱ्यासमोर ॲनी ओंड्रा आहे. ती ओठ हलवते, पण तोंडातून आवाज काढत नाही. चौकटीच्या अगदी कडेला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी, दुसरी एक तरुणी स्वतःचा मायक्रोफोन पुढ्यात घेऊन उभी आहे आणि ॲनीची वाक्यं बोलतेय. फिल्मवर चेहरा ॲनीचा उमटतो आणि आवाज जोन बॅरीचा. चित्रपट होता आल्फ्रेड हिचकॉकचा 'ब्लॅकमेल'. तो प्रदर्शित झाला तेव्हा श्रेयनामावलीत ॲनीचं नाव होतं, जोनचं नव्हतं.

आपल्याकडे 'पार्श्वगायन' हा शब्द इतका रुळलाय की 'पार्श्व' म्हणजे बाजू, हे लक्षातही येत नाही. जोनच्या बाबतीत तो शब्द अक्षरशः खरा होता. ती खरोखरच बाजूला उभी होती. तिची ओळख बहुतेकदा 'ती आवाज दिलेली' एवढ्यावरच संपते. तिच्या कारकिर्दीबद्दल लिहायचं तर ती त्या कोपऱ्यात का येऊन उभी राहिली, हे आधी सांगायला हवं.

पहिलं कारण कायद्याचं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या चित्रपटगृहांत अमेरिकन चित्रपटांची इतकी गर्दी झाली की देशी निर्मिती जवळपास बसलीच. म्हणून १९२७मध्ये कायदा झाला. वितरकांच्या चित्रपटांत साडेसात टक्के आणि थिएटरवाल्यांकडे पाच टक्के ब्रिटिश चित्रपट सुरुवातीलाच असले पाहिजेत आणि पुढे हे प्रमाण वाढत जाईल, असं ठरलं. त्या आधाराने ज्या कंपन्या उभ्या राहिल्या त्यांत जॉन मॅक्सवेल या स्कॉटिश वकिलाची ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्स अग्रभागी होती. नावातला 'इंटरनॅशनल' उगाच नव्हता. जर्मनीतून दिग्दर्शक ड्यूपाँ, डेन्मार्कचा कार्ल ब्रिसन, अमेरिकेतून युरोपात आलेली अॅना मे वाँग असे लोक मॅक्सवेलने एल्स्ट्रीला आणले. मूकपटाला भाषा नव्हती. चेहरा बोलका असला की झालं. प्रागमध्ये वाढलेली ॲनी ओंड्रा याच वाटेने लंडनला आली आणि हिचकॉकच्या 'द मँक्समन'मध्ये नायिका झाली. तिथे तिच्या बोलण्याचा प्रश्नच आला नाही.

दुसरं कारण यंत्राचं. 'द जॅझ सिंगर' हा अमेरिकन बोलपट लंडनमध्ये सप्टेंबर १९२८मध्ये, पिकॅडिली थिएटरला लागला. त्यानंतर वारं इतक्या झपाट्याने फिरलं की १९२९च्या सुरुवातीला मूकपट म्हणून सुरू झालेला 'ब्लॅकमेल' पूर्ण होण्याआधीच जुना ठरण्याची भीती निर्माण झाली. एल्स्ट्रीत अमेरिकेहून ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री आली, तात्पुरता ध्वनिमंच उभा राहिला. शेवटच्या भागात थोडे संवाद घालून 'बोलता' चित्रपट म्हणून जाहिरात करावी, एवढीच मालकांची अपेक्षा होती. हिचकॉकच्या डोक्यात आधीपासूनच संपूर्ण बोलपट होता. त्याने चित्रित झालेला बराच भाग पुन्हा आवाजासह चित्रित केला. मूक आवृत्तीही वेगळी पूर्ण झाली, कारण देशातल्या बहुसंख्य थिएटरांत अजून आवाजाची सोय नव्हती.

इथे ॲनीची पंचाईत झाली. तिला इंग्रजी येत होतं, पण बोलण्याला ठळक परका हेल होता. तिची आवाजाची चाचणी आजही उपलब्ध आहे. हिचकॉक तिच्या शेजारी उभा राहून थट्टेने तिला अवघडून टाकतो, ती लाजते, हसते, तोंड फिरवते. ती चाचणी पाहिली तर तिचं बोलणं कळत नाही असं कुणी म्हणणार नाही. मला तर तिचा आवाज मोकळा आणि गोड वाटतो. अडचण भूमिकेची होती. ॲलिस व्हाइट ही चेल्सीतल्या तंबाखू-वर्तमानपत्रांच्या दुकानदाराची मुलगी. तिचे आईवडील, तिचा पोलीस मित्र, शेजारपाजारचे सगळे लंडनचं इंग्रजी बोलणारे. त्यांच्यात ही एकटी प्रागच्या हेलात कशी बोलणार?

मग ॲनीच्या जागी दुसरी नटी का घेतली नाही? बराच चित्रपट तिच्यावर आधीच चित्रित झाला होता, आणि तिचा चेहरा हिचकॉकला सोडायचा नव्हता. आवाज मागाहून भरायचा, तर तसं तंत्र तेव्हा हाताशी नव्हतं. पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉकने हेच सांगितलं: त्या काळी डबिंग करता येत नव्हतं, म्हणून जोन बॅरीला चौकटीबाहेर उभं करून तिच्याकडून संवाद म्हणवून घेतले आणि ॲनीने ते शब्द ओठांवर आणले.

ही युक्ती ऐकायला सोपी वाटते. करणाऱ्यांची काय तारांबळ उडत असेल ते बघा. कॅमेऱ्याची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघंही एका बंद खोक्यात कोंडलेले. त्या खोक्यामुळे कॅमेरा जागचा हलत नाही. अशा कोंदट शांततेत एकजण बोलतेय आणि दुसरी तिच्या श्वासाबरोबर ओठ जुळवतेय. एकीचा शब्द अर्धा क्षण पुढे गेला तर दोघींचंही काम वाया. फक्त आवाजाचा 'रिटेक' ही सोय नाही, पुन्हा करायचं तर सगळ्यांनी सगळंच. भीती, संकोच, रडू, सगळे भाव जोनने आवाजात आणायचे, पण देहबोली दुसरीची, गती दुसरीची. काही वाक्यांत ओठ आणि शब्द किंचित सुटल्यासारखे वाटतात खरे. तरी एकूण चित्रपट पाहताना आपण ॲलिसचीच काळजी करत राहतो, दोन बायकांची नाही. मला हे अभिनयातलं फार अवघड काम वाटतं. त्याला साधं श्रेयही मिळू नये, याचं वाईट वाटतं.

चित्रीकरण चालू असताना डचेस ऑफ यॉर्क, म्हणजे पुढे राणी झालेल्या एलिझाबेथच्या आई, स्टुडिओ पाहायला आल्या होत्या. बोलपट कसा तयार होतो याचं कुतूहल राजघराण्यापर्यंत पोहोचलं होतं. जून १९२९मध्ये मार्बल आर्चच्या रीगल थिएटरात चित्रपट धंद्यातल्या लोकांना दाखवला गेला आणि पहिला महत्त्वाचा ब्रिटिश बोलपट म्हणून त्याचं नाव झालं.

त्यातला सगळ्यांत गाजलेला प्रसंग न्याहारीचा आहे. आदल्या रात्री ॲलिसच्या हातून, अब्रू वाचवताना, चित्रकाराचा खून झालाय. सुरी पाव कापायची होती. सकाळी शेजारीण दुकानात उभी राहून त्या खुनाबद्दल अखंड बडबडतेय. हळूहळू तिची वाक्यं पुसट होतात आणि 'नाइफ' हा एकच शब्द ठसठशीत ऐकू येत राहतो. वडील ॲलिसला पाव कापायला सांगतात. पुन्हा तो शब्द येतो आणि तिच्या हातातली सुरी उडून पडते. आवाजाचा असा वापर तेव्हा अगदी नवा होता. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या प्रसंगात ॲलिसला जवळपास बोलावंच लागत नाही. इथे सारं ॲनीच्या चेहऱ्यावर आहे. म्हणजे हिचकॉकने तिला का सोडलं नाही, याचं उत्तर याच प्रसंगात मिळतं.

जोनच्या आवाजावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. तिचं इंग्रजी फार घडवलेलं, उच्चकुलीन वळणाचं आहे. दुकानदाराची मुलगी असं बोलेल का? लालबागच्या वाण्याच्या पोरीने सदाशिव पेठेतलं मराठी बोलावं, तसं काहीसं ते होतं. परका हेल घालवायला गेले आणि दुसऱ्या बाजूने भूमिका सुटली. पण हा दोष मी जोनच्या माथी मारणार नाही. सुरुवातीच्या ब्रिटिश बोलपटांत 'चांगला आवाज' याचा अर्थच लंडनच्या वेस्ट एंडमधल्या रंगभूमीवरचा आवाज असा होता. अमेरिकन बोलपटांच्या नाकातल्या उच्चारांवर तिथे नाराजी होती, त्याला उत्तर म्हणून स्टुडिओ रंगभूमीकडे वळले. लंडन एल्स्ट्रीपासून जवळ असल्याने दिवसा चित्रीकरण आणि रात्री नाटक असंही नटांना जमायचं. जोनही रंगभूमीवरचीच होती. आपल्याकडेही बोलपट आले तेव्हा संगीत नाटकातले गाते नट आधी बोलावले गेले. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये, १९३२ साली, गोविंदराव टेंबे राजाच्या भूमिकेत होते ते त्यामुळेच.

आवाज उसना घेण्याची वेळ 'ब्लॅकमेल'च्याच वर्षी, १९२९मध्ये, हॉलिवुडवरही आली. 'द कॅनरी मर्डर केस'ला आवाज भरायचा होता तेव्हा लुईझ ब्रूक्सने परत यायला नकार दिला आणि मार्गारेट लिव्हिंग्स्टनचा आवाज वापरला गेला. श्रेयाचा प्रश्न तर पुढे कितीतरी वर्षं रेंगाळला. १९४९च्या 'महल'च्या तबकडीवर लता मंगेशकरांच्या नावाऐवजी पात्राचं नाव, 'कामिनी', छापलं होतं, हे मराठी घरांत अजूनही हळहळीने सांगितलं जातं.

जोनचा जन्म लंडनचा, १९०३ सालचा. मूकपटांत तिने १९२२पासून छोटीमोठी कामं केली होती. त्यामुळे 'ब्लॅकमेल'च्या वेळी ती नवखी नव्हती. त्याच वर्षी ड्यूपाँच्या 'अटलांटिक'मध्ये ती पडद्यावर आली, या वेळी चेहरा आणि आवाज दोन्ही घेऊन. टायटॅनिकच्या दुर्घटनेवर बेतलेला हा चित्रपट एल्स्ट्रीत इंग्रजी आणि जर्मन अशा दोन भाषांत, वेगवेगळे नट घेऊन चित्रित झाला. परक्या हेलावर मॅक्सवेलच्या कंपनीने शोधलेला हा दुसरा तोडगा. खर्चिक होता, पण कुणाला कडेला उभं राहावं लागत नव्हतं. १९३१मध्ये हॅरी लॅकमनच्या 'द आउटसायडर'मध्ये तिने सर्जनच्या अपंग मुलीची मध्यवर्ती भूमिका केली. त्याच वर्षी जॅक ब्यूकॅननबरोबर 'मॅन ऑफ मेफेअर' आला.

आणि मग हिचकॉकने तिला पुन्हा बोलावलं. 'रिच अँड स्ट्रेंज' १९३१च्या अखेरीस आला. फ्रेड आणि एमिली हे लंडनच्या उपनगरातलं मध्यमवर्गीय जोडपं. काकांकडून पैसे मिळतात आणि दोघं जगाच्या सफरीला निघतात. बोटीवर फ्रेडला समुद्र लागतो आणि तो बिछान्याला खिळतो. इकडे एमिलीची कमांडर गॉर्डनशी मैत्री होते. पुढे फ्रेड एका तोतया राजकन्येच्या नादी लागतो, पैसे जातात, परतीची बोट फुटते आणि चिनी जहाजावर त्यांना आसरा मिळतो. गोष्ट अशी धसमुसळी आहे. चित्रपट चालला नाही. हिचकॉकला मात्र तो नंतरही आवडायचा.

मला तो जोनसाठी आवडतो. त्यात संवाद फार थोडे आहेत, मधेमधे मूकपटासारख्या पाट्याही येतात. ज्या नटीला हिचकॉकने फक्त आवाजासाठी घेतलं होतं, तिला आता तो बराच वेळ न बोलता पाहतो. डेकवर रात्री गॉर्डनबरोबर ती फिरते तेव्हा कॅमेरा त्यांच्या पावलांवर जातो, वाटेतल्या साखळ्या ओलांडत जाणाऱ्या. आणि ती बोलायला लागते तेव्हा तोच 'ब्लॅकमेल'चा आवाज ओळखू येतो, पण तो आता स्वतःच्या देहात बसलेला आहे. नवऱ्याला कुणी फसवतंय हे कळल्यावर ती गॉर्डनला सोडून फ्रेडकडे परतते. त्या निर्णयात तिने ना त्यागाचा आव आणलाय, ना रडारड केलीय. तिचा साधेपणाच तो प्रसंग पेलतो.

पुढची दोनएक वर्षं ती भराभर कामं करत होती. १९३२मध्ये 'सॅली बिशप', 'एब टाइड', आणि सगळ्यांत गाजलेला 'रोम एक्सप्रेस'. गोमाँ-ब्रिटिशच्या शेफर्ड्स बुशच्या नव्याने बांधलेल्या स्टुडिओत वॉल्टर फोर्डने तो केला. कॉनराड फाइट त्यात होता. धावत्या आगगाडीतल्या रहस्यकथांची लाट तिथून जोरात सुरू झाली. जोन त्यात नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर निघालेली मिसेस मॅक्स्टेड आहे, छोटी पण नेमकी भूमिका. १९३३च्या 'मिसेस डेन्स डिफेन्स'मध्ये ती नायिका होती. हा आणि 'एब टाइड' पॅरामाउंटच्या ब्रिटिश शाखेचे चित्रपट. अमेरिकन कंपन्या १९२७च्या कायद्यातला वाटा भरून काढण्यासाठी असे चित्रपट झटपट, कमी खर्चात काढत. ज्या कायद्याने एल्स्ट्री उभी राहिली, त्याच कायद्याच्या घाईत जोनची पडद्यावरची शेवटची वर्षं गेली.

त्यानंतर तिने चित्रपट सोडले आणि हेन्री टिआर्क्स या बँकरशी लग्न करून संसार थाटला. त्यांची मुलगी हेन्रिएटा पुढे डचेस ऑफ बेडफर्ड झाली. ॲनी इंग्लंड सोडून मध्य युरोपात परतली. जर्मन आणि चेक बोलपटांत तिचा आवाज तिचाच होता आणि तिथे ती मोठी तारका झाली. मुष्टियोद्धा माक्स श्मेलिंगशी तिचं लग्न झालं ते आयुष्यभर टिकलं. ॲनी १९८७मध्ये गेली, जोन १९८९मध्ये.

'ब्लॅकमेल' पाहायचा असेल तर आधी ॲनीची ती आवाजाची चाचणी पाहा, मग चित्रपट, आणि लगोलग 'रिच अँड स्ट्रेंज'. त्यात सुरुवातीला फ्रेड कामावरून घरी येतो तेव्हा एमिली शिवण घेऊन बसलेली असते. एल्स्ट्रीच्या त्या कोपऱ्यात मायक्रोफोनपुढे उभी होती ती हीच.