सीटाइममधला ‘सी’ क्रिएशनचा नाही

लिनक्सवर वर्षानुवर्षं काम करणारी माणसंही सीटाइमला, म्हणजे प्रत्येक फाइलसोबत ठेवल्या जाणाऱ्या वेळेच्या शिक्क्यांपैकी एकाला, फाइलची जन्मवेळ समजतात. तो ‘सी’ ‘चेंज’चा आहे.

फाइलमधला मजकूर बदलला की एमटाइम हा दुसरा शिक्का बदलतो; त्यातला ‘एम’ ‘मॉडिफाय’चा. परवानग्या, मालक, लिंकांची संख्या असं आयनोडमधलं, म्हणजे फाइलबद्दलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीतलं, काही बदललं की सीटाइम बदलतो. मजकूर लिहिला तर दोन्ही एकदम पुढे सरकतात, आणि गोंधळ होतो तो इथेच. एखाद्या जुन्या फाइलच्या परवानग्या चमॉड कमांडने बदला आणि फाइलची माहिती दाखवणारी स्टॅट कमांड चालवा: ‘मॉडिफाय’ची ओळ जिथल्या तिथे, ‘चेंज’समोर मात्र आत्ताची वेळ.

एमटाइम आपल्याला हवा तो देता येतो. टच ही कमांड तो देते, टार ही संग्रहफाइल उघडतानाही जुने एमटाइम परत बसवले जातात. पण तसं केलं की त्याच क्षणी सीटाइमवर आत्ताची वेळ उमटते. सीटाइम हवा तसा बसवायला सिस्टिम कॉलच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला (कर्नलला) तसं सांगायची सोयच, नाही, म्हणून मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

फाइलसिस्टिमचा, म्हणजे फाइली डिस्कवर सांभाळणाऱ्या भागाचा, कोड दुरुस्त करताना हा फरक बोटावर हवा. अनलिंकचंच, म्हणजे फाइलचं नाव काढून टाकण्याचंच, बघा. डिरेक्टरीतली नोंद गेली, म्हणजे डिरेक्टरीचे एमटाइम आणि सीटाइम दोन्ही बदलायला हवेत. फाइलचा मात्र फक्त सीटाइम, कारण तिची एक लिंक कमी झाली, मजकुराला कुणी हात लावलेला नाही. हार्ड लिंकमुळे ती दुसऱ्या नावाने शाबूत असेल आणि तुम्ही चुकून एमटाइमही हलवलात, तर एमटाइम बघून काय पुन्हा कंपाइल करायचं ते ठरवणारं मेक तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं विनाकारण पुन्हा कंपाइल करत बसेल.

एक बग मात्र एमटाइम आणि सीटाइम दोघांनाही सारखाच भोवत होता. कर्नल वेळ घ्यायचा ती टिकच्या, म्हणजे ठरावीक अंतराने पुढे सरकणाऱ्या, घड्याळावरून. सेकंदाला 250 टिक असतील तर दर 4 मिलिसेकंदांनी एक. एकाच टिकमध्ये दोनदा लिहिलं तर शिक्का तोच राहायचा, आणि नेटवर्कवरून फाइली वाचणारा एनएफएस क्लायंट आपल्याकडची जुनीच प्रत (कॅश) खरी मानायचा. 2023 मध्ये कर्नलच्या 6.6 या आवृत्तीच्या तयारीत उपाय आला: ज्या फाइलची वेळ कुणी मध्ये विचारली असेल, तिलाच पुढच्या बदलाला टिकपेक्षा बारीक शिक्का द्यायचा. पण मग नंतर बदललेली, टिकचा शिक्का मिळालेली फाइल आधीच्या फाइलपेक्षा जुनी दिसायला लागली, आणि तो कोड प्रकाशनाआधीच काढावा लागला. 6.13 मध्ये तो परतला तो एक किमान मर्यादा घेऊन: शेवटचा बारीक शिक्का लक्षात ठेवायचा आणि त्याआधीची वेळ कुठल्याच फाइलला द्यायची नाही.