मांस-उत्पादक कंपन्यांचे वित्तीय प्रकटीकरण

मांस-उत्पादक कंपनी वार्षिक वित्तीय विवरणपत्रांच्या टिपांमध्ये जिवंत पशुपक्षी, मांसाचा साठा, रोगराईची जोखीम व निर्यात यांविषयी देते ती माहिती. ताळेबंद व नफा-तोटा पत्रकाचा साचा इतर कंपन्यांसारखाच असतो. वेगळेपण आहे ते ‘जैविक मालमत्ते’त, म्हणजे येथे जिवंत पशुपक्ष्यांत. शहापूर-मुरबाडकडील पोल्ट्री शेड, तळोजा औद्योगिक वसाहतीतील प्रक्रिया कारखाने, भिवंडीची शीतगृहे आणि न्हावा-शेवा बंदर असे या धंद्याचे टप्पे ठाणे–नवी मुंबई परिसरात जवळजवळ असल्याने पुढील उदाहरणे तेथील घेतली आहेत.

भारतात हा विषय फेब्रुवारी २०१५ मध्ये अधिसूचित झालेल्या इंड एएस ४१ (कृषी) या लेखामानकाखाली येतो. ‘इंड एएस’ म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतलेली नवी भारतीय लेखामानके; जुनी मानके नुसती ‘एएस’. मूळ आंतरराष्ट्रीय मानक डिसेंबर २००० चे. त्यातील रास्त मूल्याची (चालू बाजारात मिळू शकेल त्या किमतीची) कल्पना ऑस्ट्रेलियाच्या १९९८ च्या एएएसबी १०३७ या लेखामानकावरून आली, असे काही अभ्यासक मानतात. मात्र आंतरराष्ट्रीय लेखामानक समितीने कृषीचा विषय १९९४ मध्येच हाती घेतला होता व तत्त्वांचा मसुदा १९९६ चा आहे. दोन्ही प्रयत्न समांतर चालले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतातील जुन्या मानकांत पशुधनाला नीटसे घर नव्हते. स्थिर मालमत्तेच्या मानकाने (एएस १०) ते वगळले होते आणि साठ्याच्या मानकानेही (एएस २) प्रस्थापित प्रथेनुसार निव्वळ विक्रीमूल्यावर मोजलेले उत्पादकांकडील पशुधन बाहेर ठेवले होते.

कळीचा प्रश्न सीमारेषेचा आहे. पक्षी जिवंत असेपर्यंत त्याचे मोजमाप रास्त मूल्यातून विक्रीखर्च वजा करून होते आणि त्यातील चढउतार थेट नफा-तोट्यात जातो. कत्तलीच्या क्षणी येणारे मूल्य हीच पुढे साठ्याची ‘किंमत’ ठरते. तेथून पुढे गोठवलेली कोंबडी किंवा सॉसेज यांना इंड एएस २ (साठ्याचे मानक) लागू होते. पक्षी कोठे आहे यापेक्षा तो कोणाचा आहे, हे महत्त्वाचे. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य व औषधे कंपनी पुरवते आणि शेतकऱ्याला संगोपनाचा मोबदला मिळतो. म्हणून शहापूरच्या शेडमधील कोंबडी कंपनीच्या ताळेबंदात येते, शेड मात्र येत नाही. उलट, पूर्ण वाढलेल्या म्हशी विकत घेऊन लगेच कत्तल करणारा निर्यातदार त्यांची वाढ करत नाही. त्याच्या बाबतीत इंड एएस ४१ सहसा लागू होत नाही.

ब्रॉयलरचे (मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचे) आयुष्य सुमारे सहा आठवड्यांचे. त्यामुळे झालेला खर्च हाच रास्त मूल्याच्या जवळचा, अशी भूमिका घेता येते. जैविक बदल नगण्य असताना मानक त्यास वाव देते. पण महिनाभर वाढलेल्या पक्ष्याच्या बाबतीत हा युक्तिवाद लंगडा पडतो. पैदाशीच्या पक्ष्यांना बहुधा सक्रिय बाजारपेठ नसते. तेथे घसारा वजा किमतीचा आधार घ्यायचा तर रास्त मूल्य विश्वासार्हपणे का काढता येत नाही, याचा खुलासा टिपेत द्यावा लागतो.

वर्षारंभीच्या व वर्षाखेरच्या मूल्याचा मेळ, तारण ठेवलेले पशुधन व जोखीम-व्यवस्थापन यांचे प्रकटीकरण सक्तीचे आहे. मूल्यवाढीपैकी किती वजनामुळे व किती बाजारभावामुळे, ही फोड केवळ शिफारशीपुरती ठेवली आहे. वाचकाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त आकडा अशा रीतीने ऐच्छिक राहिला.

रोगराईचा मोठा फटका स्वतंत्रपणे दाखवावा लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला व हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा प्रसंगी रास्त मूल्यावर मोजलेल्या पक्ष्यांसाठीचे बिनशर्त सरकारी अनुदान, ते येणे झाल्यावरच उत्पन्नात धरतात.

निर्यातीत ३१ मार्चला माल कोठे होता, हे पाहतात. एफओबी करारात (माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची) न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर उभा असलेला रीफर (शीत) कंटेनर जहाजावर चढेपर्यंत सहसा विक्रेत्याच्याच साठ्यात मोजला जातो.

इंड एएस बहुतेक सूचीबद्ध कंपन्यांना, तसेच २५० कोटी रु. वा अधिक निव्वळ संपत्तीच्या असूचीबद्ध कंपन्यांना लागू आहे. त्याखालील असूचीबद्ध कंपन्या सहसा जुनीच मानके पाळतात व त्यांत कृषीसाठी स्वतंत्र मानक नाही.