उन्हात बसलेला रानपिंगळा

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ जंगलातून तीन अमेरिकी पक्षी अभ्यासक चालले होते. त्यांच्यापैकी बेन किंग यांना एका पाने झडलेल्या झाडावर एक लहानसे, आखूड मानेचे घुबड दिसले. ऊन चांगले वर आले होते आणि घुबड त्या उन्हात उघड्या फांदीवर निवांत बसलेले होते. सोबतच्या पामेला रासमुसेन यांनी त्याचा बिनठिपक्यांचा माथा, छातीवरचा गडद तपकिरी पट्टा आणि पांढऱ्या पिसांनी मढलेले जाडजूड पाय पाहिले, तेव्हा हा पक्षी कोणता याविषयी शंका उरली नाही. रानपिंगळ्याची शेवटची खात्रीलायक नोंद १८८४ सालची होती. म्हणजे ११३ वर्षे जो पक्षी कोणाही अभ्यासकाला दिसला नव्हता, तो भरदिवसा समोर बसला होता. डेव्हिड अ‍ॅबट हे तिसरे सहकारी सोबत होते आणि त्या भेटीत पक्ष्याचे चित्रीकरणही झाले, त्यामुळे पुढे कोणी पुरावा मागितला तर तो हाताशी होता.

घुबड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रात्र येते. पिंगळा हे नावही आपल्याकडे अंधाराशीच बांधलेले आहे: पहाट होण्यापूर्वी दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही पिंगळाच म्हणतात, कारण पिंगळ्याची बोली त्याला कळते अशी समजूत होती. हा गावातला पिंगळा, म्हणजे अंगभर पांढरे ठिपके असलेला ठिपकेदार पिंगळा, वड-पिंपळाच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या भिंतीत राहतो आणि प्रामुख्याने संध्याकाळनंतर बाहेर पडतो. रानपिंगळा आकाराने साधारण त्याच्याएवढाच, सुमारे २३ सेंटिमीटर, आणि दुरून पाहणाऱ्याची गफलत व्हावी इतका त्याच्यासारखा. त्याची दिनचर्या मात्र बऱ्याच अंशी उलट आहे. हिवाळ्यात सकाळी तो सागाच्या किंवा सालईच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, मधूनच शेपटी झटक्याने हलवतो, आणि खालच्या गवतात हालचाल दिसताच तडक खाली उतरतो. त्याच्या भक्ष्यात सरड्यांचा वाटा मोठा असतो, त्याखेरीज लहान उंदीर आणि टोळ. सरडे ऊन पडल्यावरच हालचाल करू लागतात, तेव्हा त्यांच्यावर जगणाऱ्या घुबडाने दिवसाची वेळ निवडावी यात नवल नाही.

मग हा पक्षी इतकी वर्षे सापडला का नाही? याचे उत्तर अर्धे जंगलात आणि अर्धे लंडनच्या संग्रहालयात आहे. एफ. आर. ब्लूविट यांनी १८७२ च्या डिसेंबरमध्ये आताच्या छत्तीसगढच्या पूर्व भागातील बसना-फुलझर परिसरातून पहिला नमुना मिळवला आणि १८७३ मध्ये अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन करून पक्ष्याला ब्लूविट यांचे नाव दिले. (काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच, राजकारणाकडे वळण्याआधी त्यांनी पक्ष्यांवर आयुष्यातली बरीच वर्षे घालवली होती.) त्यानंतर ओडिशातील खरियारकडून एक आणि खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने गोळा केलेले काही, असे एकोणिसाव्या शतकात एकूण सात नमुने जमले. पुढे मात्र पूर्ण शांतता.

या शांततेत एकच आवाज होता, आणि तो खोटा निघाला. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने असा दावा केला होता की, १९१४ मध्ये तापीकाठी गुजरातेतील मांडवी येथे आपण रानपिंगळा मिळवला. माणूस नामांकित, नमुना संग्रहालयात ठेवलेला आणि त्याला व्यवस्थित चिठ्ठी बांधलेली. संशय घेणार तरी कोण? सलीम अली आणि एस. डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण तो हाती लागला नाही. रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नायजेल कॉलर यांनी तो नमुना क्ष-किरणांखाली तपासला, तेव्हा आतली रचना वेगळेच सांगू लागली. पक्ष्याची त्वचा एकदा सोलून भरलेली होती, नंतर उसवून पुन्हा भरलेली होती, आणि मूळ भरणी ज्या पद्धतीने केली होती ती डेव्हिडसन यांची होती. थोडक्यात, संग्रहालयातून डेव्हिडसन यांचा एक नमुना उचलून, त्याचे रूप बदलून, त्यावर नवी चिठ्ठी चढवलेली होती. नमुने परवानगीशिवाय उचलल्याबद्दल याच माइनर्ट्‌झहागन यांना पक्षी विभागात प्रवेशबंदी झालेली होती, हे लक्षात घेतले की फारसे आश्चर्य वाटत नाही. चोरीपेक्षा मला त्या चिठ्ठीचा अपराध मोठा वाटतो, कारण चोरीमुळे संग्रहातला एक पक्षी गेला, तर चिठ्ठीमुळे शोधणाऱ्यांची दिशाच चुकली.

१९९७ च्या मोहिमेने ही बनावट नोंद बाजूला ठेवली आणि केवळ खऱ्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे धरली. सुरुवात पूर्वेकडून केली. तिथे दहा-बारा दिवस फिरूनही काही मिळाले नाही. मग मंडळी डेव्हिडसन यांच्या जुन्या इलाख्यात, शहाद्याकडे आली.

त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खकनार अशा सातपुड्याच्या पट्ट्यात रानपिंगळा टप्प्याटप्प्याने सापडत गेला. सगळीकडे जागा मात्र एकाच प्रकारची: कोरडे पानझडी जंगल, त्यात सागाचा भरणा, मधूनमधून मोकळी जमीन, आणि घरट्यासाठी ढोली असलेली जुनी झाडे. या शेवटच्या गोष्टीवर सगळे अडते, कारण हा पक्षी स्वतः ढोली कोरत नाही, तयार ढोलीत राहतो, आणि ढोली असलेले पोकळ झाड लाकूडतोडीत आधी जाते. शेतीसाठी होणारे अतिक्रमण आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धेतून होणारी शिकार हे त्याखेरीजचे धोके. प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असल्याचा अंदाज आहे. २०१८ मध्ये धोक्यातल्या जीवजातींच्या जागतिक लाल यादीत त्याची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आली, ती तो वाढल्यामुळे नव्हे, अधिक ठिकाणी सापडल्यामुळे.

ह्यूम यांनी त्याला ‘हेटेरोग्लॉक्स’, म्हणजे ‘वेगळे घुबड’, असा स्वतंत्र वंश दिला होता. जनुकीय तपासणीने २०१८ मध्ये दाखवले की तो आपल्या गावातल्या पिंगळ्याच्याच वंशात मोडतो. म्हणजे वेगळा असला तरी घरातलाच.

जंगलात तो नेमका कसा सापडतो, हे मात्र सांगण्यासारखे आहे. बहुतेक वेळा घुबडाचा पत्ता दुसरे पक्षी देतात. बुलबुल, कोतवाल आणि किरकोळ चिमण्या एका फांदीभोवती कल्ला करू लागल्या की त्या गलक्याच्या मध्यभागी घुबड असण्याची शक्यता बरीच असते, आणि अशा वेळी ते शक्यतो हलत नाही, डोळे अर्धवट मिटून गलका सहन करत राहते. दुर्बीण लावून आधी माथा पाहावा. माथ्यावर पांढरे ठिपके ठळक असतील तर तो गावातला नेहमीचा पिंगळा. माथा जवळजवळ सपाट तपकिरी, छातीवर जाड पट्टा आणि पोट स्वच्छ पांढरे असेल, तर जरा थांबावे आणि पायांकडे पाहावे.

२०१४ मध्ये असेच कोणीतरी थांबून पाहिले आणि रानपिंगळा तानसा अभयारण्यात, मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत, नोंदला गेला. त्याआधी तो पश्चिम घाटात कधीच नोंदलेला नव्हता. या जंगलातल्या तलावाचे पाणी मुंबई १८९२ पासून पिते आहे.