लाल ठिपका पिस्तुलावर चढायला शंभर वर्षं का लागली

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं चष्म्याचं दुकान आहे. पोलिसातले एक मामा दर दोन वर्षांनी नंबर तपासायला येतात. यावेळी खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "वाचायला ठीकाय रे, पण फायरिंगला उभारलो की फोरसाईट पुसट दिसायलीय. चष्मा घातला तर फोरसाईट दिसतीय आन् टार्गेट गायब." फोरसाईट म्हणजे पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरची नेम धरायची खूण. मामांचं वय ५१. म्हटलं मामा ही चाळीशीच आहे, फक्त तुमच्या हातात पेपरऐवजी पिस्तूल आहे.

मग त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, अमेरिकन पोलीस, पिस्तुलाच्या डोक्यावर नखाएवढी काच, आणि काचेत लाल ठिपका. "हे काय नवीन काढलंय?"

नवीन ते फक्त पिस्तुलावर. मूळ आयडिया १९०० सालची, आणि ती कुठल्या बंदूकवाल्याची नाहीच. डब्लिनचे सर हॉवर्ड ग्रब म्हणून होते, वेधशाळांच्या मोठमोठ्या दुर्बिणी बनवणारे, त्यांनी त्या साली पेटंट घेतलं. म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस, असं मी दुकानात येईल त्याला सांगतो.

त्यांनी काय केलं ते समजायला आधी मामांची अडचण बघा. साध्या पिस्तुलानं नेम धरताना बॅकसाईटची म्हणजे मागच्या टोकाची खाच, फोरसाईटचं टोक आणि टार्गेट अशा तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या, आणि तिन्ही तीन वेगळ्या अंतरावर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. विशीतल्या पोराचं भिंग पटापट पुढं-मागं करतं, पन्नाशीत ते ताठ झालेलं असतं. त्यात फोरसाईट हात ताणल्यावर साठ-पासष्ट सेंटीमीटरवर येते आणि वाचायचा चष्मा पस्तीस-चाळीसचा, म्हणजे तोही धड उपयोगाचा नाही. बायफोकलवाला तर खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करतो आणि मान अवघडून बसतो.

आता आमच्या नंबर तपासायच्या मशीनवर हनुवटी टेकवून बघितलं की रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो ना, तो लांब कुठं नाही, मशीनच्या आतच आहे, मधली भिंगं त्याचे किरण जवळजवळ समांतर करून सोडतात म्हणून डोळ्याला वाटतं फुगा लांबवर आहे. ग्रबसाहेबांची युक्ती याच जातीची. खूण जवळ, पण दिसायला टार्गेटइतकीच लांब, त्यामुळं डोळ्यानं फक्त टार्गेट बघायचं आणि खूण त्यावर आपोआप तरंगते. आजच्या साईटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या या काचेच्या यंत्रात, ती खूण म्हणजे बारीक एलईडी, आणि समोरच्या वक्र काचेवर असा थर की लाल उजेड तेवढा माघारी फिरवायचा, बाकीचा जाऊ द्यायचा. अँटी-ग्लेअरची काच तिरकी धरली की हिरवट झाक मारते, तीच कारागिरी इथं उलट्या कामाला लावलीय. लाल गाळला जातो म्हणून त्या काचेतून जग जरा निळसर दिसतं.

पण ही युक्ती पहिल्यांदा वापरली विमानांनी. १९१८ मध्ये जर्मन फायटर विमानांवर असल्या साईट्स बसल्या, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानाच्या पायलटसमोर काच होतीच. विमानात बल्ब लावायला वीज आहे, जागा आहे, हातातल्या हत्यारावर ते कुठून आणायचं? १९७० च्या नोव्हेंबरात व्हिएतनाममधल्या सोन ताय छाप्यात अमेरिकन कमांडोंनी सिंगलपॉइंट नावाची साईट वापरली, ती तर मजेशीरच, तिच्या नळीतून आरपार काही दिसतच नाही, एका डोळ्यानं नळीतला ठिपका बघायचा, दुसऱ्यानं माणूस, आणि दोन्ही चित्रं एकावर एक ठेवायचं काम मेंदूचं.

लाल एलईडी १९६२ ला निघाला होता, आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं तो साईटमध्ये घालून विकायला काढला, गिऱ्हाईक मुख्यतः शिकारी. रायफलवर ते जमलं, पिस्तुलावर अडलं, कारण प्रत्येक गोळीला स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, सपकन मागं जाऊन आदळते आणि पुढं येते, त्या दणक्यात सेलचा कॉन्टॅक्ट सुटतो नाहीतर सोल्डर तडकतं. १९९० च्या आसपास नेमबाजीच्या स्पर्धावाल्यांनी जुगाड केला, साईट स्लाईडवर न बसवता खालच्या फ्रेमला ब्रॅकेट लावून बसवली. जिंकले, पण ते धूड होलस्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, घालून गस्त कोण घालणार.

कोंडी फुटली २००९ ला, ट्रिजिकॉन कंपनीची आरएमआर नावाची साईट आली तेव्हा. ॲल्युमिनियमची बुटकी बॉडी, आत सीआर २०३२ चा बटनसेल, किचनमधल्या वजनकाट्यात असतो तसला. सुरुवातीला लोक ती बसवायला बंदूक-कारागिराकडून स्लाईड कोरून घेत होते, २०१५ मध्ये पिस्तुलं बनवणाऱ्या ग्लॉक कंपनीनं कारखान्यातूनच खाच पाडलेली एमओएस पिस्तुलं दिली, आणि २०१७ च्या जानेवारीत अमेरिकन आर्मीनं जे नवं पिस्तूल निवडलं त्याच्यावरही साईट बसवायची सोय होती. एकदा आर्मीनं घेतलं की खेळणं म्हणायची सोय राहत नाही, पोलीस खातीही मग एकेक करून परवानगी द्यायला लागली.

फुकट काही मिळत नाही म्हणा. होलस्टर बदला, साईटची किंमत पिस्तुलाच्या जवळपास, आणि मुख्य म्हणजे सवय. लोखंडी साईट थोडी तिरकी आली तर तिरकी आलीय हे तरी दिसतं, इथं मनगट वाकडं असेल तर ठिपकाच गायब, आणि नवशिका त्याला काचेत शोधत बसतो. पाऊस तर वेगळाच. एलईडी उघडा असला की त्यावर एक थेंब बसला तरी ठिपक्याचा फिसकटलेला फटाका होतो, कोयनानगरच्या जुलैत अशी साईट नेऊन बघा. त्यावर २०१९ ला एमपॉइंटची ॲक्रो आली, सगळं बंद डबीत.

आपल्याकडं पोलिसांच्या कमरेला बहुतेक ईशापूर कारखान्याचं ९ एमएम, जुन्या ब्राउनिंग पिस्तुलाच्या घडणीचं, त्याला खाच-बिच काही नाही. शेजारच्या कोल्हापूरनं एवढे नेमबाज दिले, पण ऑलिम्पिकच्या पिस्तूल प्रकारांतही साईट उघडीच लागते, ठिपका चालत नाही.

मामांना मी शेवटी वेगळाच चष्मा करून दिला, उजव्या डोळ्याला फोरसाईटच्या अंतराचा नंबर, डाव्याला लांबचा. घालून जिना उतरू नका म्हटलं, पायरी चुकेल. त्यांनी हात ताणून, अंगठ्याचं नख फोरसाईट समजून समोरच्या मेडिकलच्या बोर्डावर धरलं, बराच वेळ एक डोळा मिटून बघितलं, मग दोन्ही उघडे ठेवून.

"आता बसतंय बघ," म्हणाले, "आन् ह्याला सेल बी लागत न्हाई."